विमान उतरेपर्यंतचा केर

आकाशात विमान दिसलं की काका आधी मनगट उलटं करून घड्याळ बघायचे आणि मग माझ्या हातात झाडू तर नाही ना, ते बघायचे. घड्याळाची तबकडी ते मनगटाच्या आतल्या बाजूला ठेवत. बाहेर ठेवली तर सगळ्यांना दिसते, म्हणायचे, आणि आपली वेळ आपल्यालाच कळलेली बरी.

जयपूरला शास्त्री नगरात त्यांचं बैठं घर होतं. पुढे ते एकटे आणि मागच्या खोलीत आम्ही भाडेकरू. आमचे हे गलाईच्या भट्टीवर कामाला होते. सोनारांकडचं जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचा हा धंदा. आमच्या खानापूर तालुक्यातली कितीतरी घरं त्यापायी मुलखात विखुरली, त्यातलंच आमचं एक. काका वर्ध्याकडचे. विमा कंपनीत साहेब होते. बदल्या होत होत शेवटची जयपूरला झाली आणि ते तिथलेच होऊन गेले. मराठी बोलताना मध्येच हिंदी यायची आणि हिंदी बोलताना मध्येच ‘बाप्पा’ यायचं. मला ते ‘बेटा’ म्हणत. पुढच्या घराचा केर मी काढायचा, असं खोली घेतानाच ठरलं होतं. तेव्हा त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता.

"केर काढता येतो ना?"

मला हसू आलं. केर काढता येत नाही अशी बाई कुठे असते?

"तसं नाही," काका म्हणाले. "कधी काढायचा नाही, ते येते का?"

ते मला येत होतं. माणूस गावाला निघालं की त्याच्या पाठोपाठ झाडू मारायचा नाही, हे आमच्याकडेही होतं. लगेच मारला तर त्या माणसालाच झाडून बाहेर काढल्यासारखं होतं, असं आई सांगायची. तो पोहोचल्यावर मारायचा. पण आमची माणसं एसटीनं जायची. सकाळी गेलेला माणूस दुपारी कुठे ना कुठे उतरलाच असेल असं धरून आई झाडू हातात घ्यायची. आमच्या घराला तेवढा विचार पुरायचा.

काकांना तो पुरत नव्हता.

त्यांच्या पुढच्या खोलीत भिंतीवर भारताचा मोठा नकाशा होता. नकाशाच्या वर खिळा आणि खिळ्याला एक सुती धागा. काकू वटपौर्णिमेला सूत आणायच्या, त्यातला उरलेला. काकू मी येण्याआधीच वारल्या होत्या. त्या धाग्याला काकांनी गाठी मारल्या होत्या. एक गाठ म्हणजे शंभर किलोमीटर. गल्लीतलं कुणी विमानानं जायला निघालं की काका धागा काढत, एक टोक जयपूरवर अंगठ्यानं दाबून धरत आणि दुसरं ताणून त्या गावावर नेत.

"रेल्वे वळण घेते, बेटा. नदी आली की पूल शोधते, डोंगर आला की बाजूने जाते. विमानाला आडवं काही येत नाही. म्हणून धागा सरळ धरायचा."

जयपूर ते मुंबई नऊ गाठी आणि वर थोडं. त्याचे पावणेदोन तास. मग त्यात चढण्या-उतरण्याची सूट, सामान यायची सूट, विमानतळापासून घरापर्यंत टॅक्सीची सूट. मुंबईची टॅक्सी असली तर जास्त सूट. सगळी बेरीज झाली की मला सांगत, "साडेचारनंतर मार."

मी तो नकाशा पहिल्यांदा बघितला तेव्हा जयपूर शोधत महाराष्ट्रातच फिरत होते. आमच्या चौथीच्या भूगोलात महाराष्ट्र होता. भारत पुढच्या इयत्तेत होता, आणि पुढची इयत्ता माझ्या वाट्याला आली नाही. काकांनी माझं बोट धरलं नाही की हसले नाहीत. नुसतं म्हणाले, "वर. अजून वर. तू बरीच लांब आली आहेस." त्या दिवशी मला कळलं की मी किती लांब आले आहे. रात्रभराच्या आणि दिवसभराच्या रेल्वेत ते कळलं नव्हतं, झोप लागली होती.

शेजारी होमिओपॅथीचे एक डॉक्टर राहत होते. तिथलेच, सीकरकडचे. ते रोज संध्याकाळी फाटकाशी उभे राहून काकांची चेष्टा करायचे.

"भाईसाहब, झाड़ू का टाइम-टेबल छपवा दो. मोहल्ले में बाँट देंगे."

"आप हँसिए," काका म्हणायचे. "आपकी सारी रिश्तेदारी सीकर में है. बस में बैठते ही पहुँच जाती है."

या दोघांचा एक वाद कधीच मिटला नाही. माणूस पोहोचला असं कधी म्हणायचं? डॉक्टरांचं म्हणणं, विमानाचं चाक जमिनीला लागलं की पोहोचला. काका मानेनात. विमानतळ म्हणजे काय कुणाचं घर आहे? पट्ट्यावर सामान फिरतंय, माणूस उभा आहे, हे काय पोहोचणं झालं? "माणसाने चप्पल काढली, पाणी पिला, की पोहोचला. तोवर तो वाटेतच आहे."

खरं तर ही सगळी आकडेमोड गल्लीतल्या लोकांसाठी नव्हती. ती एकाच माणसासाठी होती. बाकीच्यांवर काका हात साफ करून घेत असत.

त्यांची एकुलती एक मुलगी मुंबईला नोकरीला होती. मी त्यांना ताई म्हणायचे, त्या मला भाभी म्हणायच्या. ताईंचं सगळं शिक्षण जयपूरला झालेलं, त्यामुळे मराठी बोलताना त्या शब्दांसाठी थांबत. बाईमाणूस स्वभावानं चांगलं. येताना माझ्यासाठी काहीतरी आणायच्याच. वर्षातून दोनदा यायच्या, चार दिवस राहायच्या आणि जायच्या. आधी रेल्वेनं यायच्या. मग विमानं स्वस्त झाली आणि विमानानं यायला लागल्या. काकांची झोप उडाली ती तेव्हापासून.

ताई निघायच्या दिवशी दारात दोघांचं ठरलेलं बोलणं व्हायचं.

"पोहोचल्यावर फोन कर."

"बाबा, प्लेन आहे. पोहोचतंच ना."

"तरी."

"नाही पोहोचलं तर टीव्हीवर येईल. मतलब, तुम्हाला माझ्याआधी कळेल."

ताई हसत म्हणायच्या. काकाही हसायचे. टॅक्सी वळणावरून गेली की काका आत येऊन धागा काढायचे.

फोन येत नसे. ताई मुंबईला उतरून थेट ऑफिसलाही जात असतील, विसरत असतील. दोन-तीन दिवसांनी दुसऱ्याच कुठल्या कामासाठी फोन यायचा, तेव्हा कळायचं की पोहोचल्या. तोवर घर बिनझाडलेलं कसं ठेवणार? जयपूरची धूळ. एक दिवस झाडू मारला नाही तर पायाला रेती लागते. म्हणून मग हा हिशोब. फोन येत नाही, तर निदान किती वाजता आला असता ते तरी काढायचं.

मी एकदा धीर करून विचारलं होतं, "काका, तुम्ही हे मानता?"

"छे!" काका म्हणाले. "मी आयुष्यभर विमा विकला. लोकांना सांगितलं, काही होणार नाही, पण झालंच तर. मी कसा मानीन?" मग थोड्या वेळाने म्हणाले, "मानायची ती. मी बाडमेरला दौऱ्यावर जायचो, जीपने. रस्ता कसला, वाळूच. तिथून माझी तार येईपर्यंत ही घर झाडायची नाही. दोन-दोन दिवस. मी परत आल्यावर हिला ओरडायचो, बायका हसतात तुला. ती गेली, मग तिची ड्यूटी रिकामी राहिली. आता कुणीतरी करायलाच पाहिजे ना?"

असं बोलले आणि नेहमीसारखे गच्चीवर गेले. विमानतळ सांगानेरला, आमच्यापासून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथून उडालेलं विमान आमच्या गच्चीवरून दिसलंच तर मुंगीएवढं दिसायचं. ताई गेल्या की काका ठरलेल्या वेळेला गच्चीवर जाऊन हात हलवायचे. मी वाळत घातलेले कपडे काढत असायचे. त्यांनी हात हलवलेलं विमान पुष्कळदा दिल्लीच्या बाजूला जात असायचं. मला दिसायचं. मी बोलायचे नाही.

एका गणपतीत मोठा घोटाळा झाला.

काका दीड दिवसाचा गणपती बसवायचे. जयपुरातली पाच-सहा मराठी घरं आरतीला यायची, बँकेतले साहेब, त्यांच्या बायका, पोरं. त्या वर्षी ताई गणपतीला आल्या होत्या आणि सकाळची आरती करून दुपारच्या विमानानं गेल्या. घरात दूर्वा, फुलं, चुरमुरे, उदबत्तीची राख, सगळा पसारा. संध्याकाळच्या आरतीला लोक येणार. मी झाडू घेऊन काकांच्या तोंडाकडे बघत बसलेली. शेवटी त्यांनी घड्याळ उलटं करून बघितलं आणि म्हणाले, "झालं. पाणी पण पिऊन झालं असेल. मार."

मी भराभर मारला. केर सुपलीत भरून मागच्या बादलीत टाकला. एवढ्यात डॉक्टर फाटकातून आत आले. ते नेहमी बाहेरच थांबायचे, त्या दिवशी आत आले.

"भाईसाहब, टीवी लगाइए. बंबई में बहुत बारिश है. प्लेन उतर नहीं रहे."

टीव्हीवर मुंबईचं पाणी दाखवत होते. विमानं वर घिरट्या घालत आहेत, काही दुसरीकडे वळवली आहेत, असं सांगत होते. काका खुर्चीच्या काठावर बसले. त्यांचा चेहरा असा झाला की मला बघवेना. मग ते एकदम उठले.

"बेटा, केर कुठाय?"

"बादलीत टाकला."

"घेऊन ये."

मला कळलंच नाही. "काय आणू?"

"केर घेऊन ये. होता तसा पसरव."

मी बादली आणली. काकांनी माझ्या हातातून घेतली आणि गुडघे टेकून, सुकलेल्या दूर्वा, चुरमुरे, राख, सगळं मुठीमुठीनं खोलीभर परत टाकायला लागले. सोफ्याखाली, दाराशी, जिथे जे होतं तिथे. मला आठवायला लावत होते. "इथे काय होतं? झेंडू होता ना?" मी म्हणत होते, "हो, झेंडू." आणि नेमकं तेव्हाच आरतीची मंडळी दारात आली.

बँकेतल्या साहेबांच्या बाई नेसलेली नऊवारी हातात उचलून उंबऱ्यावरच थांबल्या. "अहो, हे काय चाललंय?"

काका गुडघ्यावरूनच म्हणाले, "या, या. विमान अजून हवेत आहे."

आरती त्या केरातच झाली. कुणी हसलं, कुणी हसू दाबलं. पोरांना तर मजाच वाटली. काका मात्र टाळ्या वाजवत होते आणि डोळे सारखे फोनकडे. फोन आला नाही. डॉक्टरांनी कुणाकुणाला फोन लावून शोधलं तेव्हा कळलं की ते विमान अहमदाबादला उतरवलं होतं, आणि आता पुन्हा निघालं आहे.

दुसऱ्या दिवशी काकांनीच ताईंना फोन केला. त्या तिकडून वैतागल्या असाव्यात. काकांचं बोलणं मला ऐकू येत होतं. "हो, थकली असशील… हो, मला कळते… नाही, तसं नाही… बरं, एक कर. फोन नको करू. नुसती एक रिंग दे आणि ठेव. मी उचलणार नाही. बोलायचं नाही काही. एक रिंग वाजली की मी समजीन."

त्या ‘हो’ म्हणाल्या असणार, कारण काका फोन ठेवून नकाशाजवळ गेले आणि धाग्याची गुंडी करून खिळ्याला वरच अडकवून टाकली. मला म्हणाले, "हिशोबावर झाडू उचलायचा नाही आता. अहमदाबाद माझ्या बेरजेत नव्हतं."

रिंगेचं चाललं एकदा-दोनदा. ठरलेल्या वेळेच्या आसपास काका फोनपाशी जाऊन बसायचे. रिंग वाजायची, त्यांचा हात फोनवर जायचा आणि तिथेच थांबायचा. फोन गप्प झाला तरी हात तिथेच. एकदा राहवलं नाही, उचलला. "पोहोचली?" तिकडून ताई काय बोलल्या ते काकांनीच मला सांगितलं. म्हणाल्या, बाबा, रिंगच द्यायची ठरली होती ना. सांगताना काका हसले. त्यानंतर कधी उचलला नाही. आणि पुढे ताई परत विसरायला लागल्या. मग काका दोन दिवस वाट बघायचे आणि मला दुसरीकडे बघत म्हणायचे, "मार आता. रिंग झाली. मी अंघोळीला होतो, तू पाणी भरत होतीस. झाली असेल."

त्यांना आयुष्यात विमानात बसायला मिळालं नव्हतं. इतकी विमानं पोहोचवली, पण स्वतः कधी बसले नाहीत. बसले ते एकदाच.

त्या उन्हाळ्यात त्यांचे पाय सुजायला लागले. दोन पायऱ्या चढले की दम लागे. गच्ची बंद झाली. डाव्या पायानं ते जरा फरफटत चालायला लागले. इथल्या मोठ्या दवाखान्यात हृदयाचं सांगितलं, आणि ताई त्यांना मुंबईला न्यायला आल्या.

निघायच्या दिवशी दुपारी आंधी आली. जयपूरची आंधी ज्यांनी बघितली नाही त्यांना सांगून कळायचं नाही. आकाश पिवळं होतं, मग काळं, आणि दारं-खिडक्या लावल्या तरी फटीफटीतून पिठासारखी रेती आत येते. तासाभराने थांबली तेव्हा पुढच्या खोलीत फरशी दिसत नव्हती. मी झाडू घेऊन गेले, तर काका म्हणाले, "राहू दे. टॅक्सी येतेच आहे. निघता निघता नको."

त्यांनी त्या दिवशी धागा खाली काढला. जयपूरवर अंगठा दाबला, मुंबईवर टोक नेलं. ते टोक मुंबईवरून निसटलं. मी दुसरं टोक धरलं.

"नऊ गाठी आणि थोडं," काका म्हणाले. "पावणेदोन तास. मग हिच्या घरापर्यंत टॅक्सी. रात्र होईल. तू उद्या सकाळी मार. चालेल."

"तुमची रिंग आल्यावर मारीन," मी म्हटलं.

काका माझ्याकडे बघत राहिले. "म्हणजे माझ्या मागे कुणी झाडू धरून थांबणार म्हणायचं," ते म्हणाले. काकूंनंतर कुणी थांबलं नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. त्यांच्या मागे घरात थांबायला कुणी होतंच कुठे? "बाप्पा! मग तर पोहोचावंच लागेल." आणि ताईंकडे वळून म्हणाले, "ऐकलं ना? पोहोचल्यावर इथे रिंग द्यायची. ती थांबली आहे."

"हो बाबा, देते. चला आता."

ते रेतीतून चालत दारापर्यंत गेले. मागून ताईंच्या बॅगची चाकं. मी दार ओढून घेतलं आणि गच्चीवर गेले. बऱ्याच वेळानं एक विमान दिसलं. कुठे चाललं होतं ते मी बघितलं नाही. हात हलवला.

रात्री रिंग आली नाही.

पुढच्या खोलीतला फोन आमच्या भिंतीला लागूनच होता. एक रिंग वाजली तरी ऐकू येई. सकाळी आली नाही, दुपारी आली नाही. दुसऱ्या दिवशी एकदा वाजला, पण वाजतच राहिला. मी स्वयंपाकघराच्या दारानं धावत आत गेले, भिंतीच्या कडेकडेनं. कुणाला तरी विम्याचं विचारायचं होतं. ताईंचा नंबर भिंतीवर पेन्सिलीनं लिहिलेला होता. तो बघत मी कितीतरी वेळ उभी राहिले. फोन करून विचारणार काय? झाडू मारू का, असं? मला ते जमलं नाही.

तिसऱ्या दिवशी यांनीच लावला. तिकडे कुणी भलत्याच माणसानं उचलला, पेशंट अ‍ॅडमिट आहे, नंतर करा म्हणाला आणि ठेवला.

"अगं, मुंबईच्या दवाखान्यात हायत म्हणजे पोचलेच की," हे म्हणाले. "मार आता झाडू. सगळी रेती आपल्या खोलीत याय लागलीय."

"पोचले असं त्यांनी कुठं सांगितलं?"

"आता ते बोलायच्या घडीत हायत व्हय?"

मी दाराच्या फटीला जुनं लुगडं लावलं. झाडू मारला नाही. दवाखाना म्हणजे पोहोचणं नव्हे. काकांनी डॉक्टरांशी किती वेळा भांडून सांगितलं होतं.

दोन आठवडे गेले असतील. एका सकाळी डॉक्टर फाटकातून आत आले, गणपतीच्या दिवशी आले होते तसेच. त्यांच्या मोबाइलवर ताईंचा फोन आला होता. "भाईसाहब नहीं रहे, बेटी," म्हणाले आणि आमच्या पायरीवर बसले. पाणी मागितलं. पाणी प्यायले आणि म्हणाले, "अब मैं किससे लड़ूँगा?"

माणूस गेलं की घर झाडतात, धुतात. हे मला माहीत होतं, यांनीही सांगितलं. पण ती रीत वेगळी आणि आमचं ठरलं होतं ते वेगळं. मी त्यांना ज्या गोष्टीसाठी थांबते म्हटलं होतं, ती झालीच नव्हती.

दिवसकार्य आटोपून ताई आल्या. घराचं बघायचं होतं. चावी घेऊन त्यांनी पुढचं दार उघडलं आणि तशाच उभ्या राहिल्या.

"भाभी! इतके दिवस घर झाडलंच नाही? बाबांच्या घरात इतकी धूळ?"

मी मान खाली घालून उभी होते. त्या पुन्हा म्हणाल्या, "तुमच्यावर सोडून गेलो होतो ना आम्ही." तेव्हा मी म्हटलं, "ताई, तुमची रिंग आली नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मग खाली फरशीकडे बघितलं. रेतीवर काकांची पावलं होती. वर थोडी नवी धूळ बसली होती, पण कळत होती. नकाशापासून दारापर्यंत. उजवं पाऊल पूर्ण उमटलेलं आणि डाव्याची फरफट. बाजूनं बॅगच्या चाकांच्या दोन रेघा.

ताई उंबऱ्यावर बसल्या. मग हिंदी-मराठी मिसळून बोलायला लागल्या, मान न उचलता.

"प्लेनमधून उतरल्या उतरल्या म्हणाले, त्या पोरीला रिंग द्यायची आहे. मी म्हटलं, बाबा, सामान येऊ दे. टॅक्सीत म्हणाले. मी म्हटलं, घरी जाऊन. घरी आले, बूट काढले, पाणी प्यायले. म्हणाले, पोहोचलो. आता दे. मी म्हटलं, सकाळी देते, आता ती झोपली असेल. सकाळी त्यांना श्वासच घेता येईना. मग हॉस्पिटल. तिथे नाकाला मास्क. बोटानं असं करायचे, फोन फिरवल्यासारखं. मी म्हणायचे, दिली बाबा, दिली. मग विचारलं, मारला का तिने झाडू? मी म्हटलं, हो, मारला. मग पुन्हा नाही विचारलं."

मी त्यांच्या शेजारी बसले. हात धरावासा वाटला, पण धरला नाही. एवढंच म्हणाले, "बूट काढून पाणी प्यायले ना? मग पोहोचले ते."

ताई आमच्याच खोलीत दोन दिवस राहिल्या. पुढच्या घरातलं सामान काढताना त्या भिंतीच्या कडेनं चालायच्या. डॉक्टर मदतीला आले, तेही कडेनं. सामान उचलायला आलेल्या माणसांना ताईंनी मागच्या दारानं आणलं. का, ते त्यांना कळलं नाही. नकाशा तसाच राहू दिला. धागा मात्र खिळ्यावरून काढून त्यांनी पर्समध्ये ठेवला.

निघताना दारात म्हणाल्या, "भाभी, मी रिंग देईन."

मी मान हलवली. डॉक्टर त्यांना विमानतळावर सोडायला गेले. मी पुढच्या खोलीत नकाशासमोर उभी राहिले. धागा नव्हता, म्हणून बोटानंच जयपूरवरून खाली सरळ मुंबईपर्यंत गेले. मग फोनजवळ भिंतीला टेकून बसले, झाडू मांडीवर घेऊन.

बाहेर संध्याकाळ झाली. आमचे हे भट्टीवरून आले, दारातून डोकावले आणि चहा करायला गेले. खोलीत अंधार पडला तरी मी दिवा लावला नाही.

फोन वाजला. एक रिंग, आणि थांबला.

मी हात लावला नाही. नुसती बघत राहिले, काका बघायचे तशी. मग उठले, दिवा लावला आणि झाडू धरला. नकाशाच्या भिंतीपासून सुरुवात केली. दारापर्यंत यायला मला त्या दिवशी फार वेळ लागला.